भिंतीला पाय लावून

1994 साली निन्टेन्डोचा 'सुपर मेट्रॉइड' हा व्हिडिओ गेम आला. त्याची नायिका सॅमस अरान एका परग्रहावरच्या भुयारांतून फिरत असते. एके ठिकाणी ती खोल विहिरीसारख्या पोकळीत उतरते. वर जायला शिडी नाही, धरायला दोर नाही. तिथे तीन छोटे प्राणी राहतात. ते एका भिंतीकडे झेपावतात, तिला पाय लावून समोरच्या भिंतीवर उडी घेतात, तिथून पुन्हा अलीकडच्या, आणि बघता बघता वर पोहोचतात. पडद्यावर सूचनेचा एक शब्दही उमटत नाही. खेळणारा थोडा वेळ नुसता पाहतो, मग करून बघतो. दहा वेळा पडतो आणि अकराव्यांदा वर जातो. गंमत म्हणजे ही उडी सॅमसला खेळाच्या पहिल्या क्षणापासून येत असते. येत नसते ती खेळणाऱ्याला.

गेम डिझाइनच्या माझ्या धंद्यात शिकवण्याचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. माझं घर सिरोंच्याचं, म्हणून तो अधिकच जवळचा. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावरच्या या गावात घराघरांत तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात या दोन्हींबरोबर हिंदीही आणि आसपासच्या पाड्यांवर माडिया, गोंडी. या सगळ्यांच्या हातातल्या मोबाईलवरचे गेम मात्र सूचना देतात त्या बहुतेक इंग्रजीत. अशा ठिकाणी जो खेळ पाहून शिकता येतो तोच खरा सर्वांचा खेळ.

उडीचा इतिहास फार जुना नाही. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये डिझायनर शिगेरू मियामोतो यांचा छोटा सुतार गडगडत येणारी पिंपं उडी मारून चुकवत असे. तोच पुढे मारिओ झाला. 1984 च्या 'ड्रॅगन बस्टर'मध्ये हवेत असतानाच दुसरी उडी घेता येऊ लागली. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये बटण जितकं जास्त वेळ दाबून ठेवावं तितकी उडी उंच जाऊ लागली. उडी आता केवळ अडथळा ओलांडण्यापुरती राहिली नाही. किती उंच जायचं हे खेळणाऱ्याचं बोट ठरवू लागलं.

1996 च्या 'सुपर मारिओ 64'ने तर उड्यांचा अख्खा संचच दिला. धावता धावता, पाय जमिनीला टेकतील त्या क्षणी पुन्हा पुन्हा बटण दाबलं की तिसरी उडी सर्वांत उंच जाते आणि मारिओ हवेत कोलांटी घेतो. पळता पळता बसकण मारून उडी घेतली की लांब झेप. भिंतीवर आदळण्याच्या क्षणी बटण दाबलं की उलट दिशेला उसळी. मियामोतोंच्या चमूने नकाशे बांधण्याआधी मारिओला एका सशामागे पळवून त्याची चाल घासूनपुसून घेतली होती. खेळ सुरू होतो तोही राजवाड्याबाहेरच्या मोकळ्या अंगणात. तिथे झाडं आहेत, पाण्याचा खंदक आहे, शत्रू एकही नाही. सूचनांच्या पाट्या आहेत, पण त्या न वाचताही मूल तिथे तासभर नुसतं बागडत राहतं आणि तेवढ्यात निम्म्या उड्या त्याला येऊ लागतात.

याच गेममध्ये रसिकांनी एक उडी स्वतः शोधून काढली. पुढे जाण्याच्या वेगाला प्रोग्राममध्ये मर्यादा होती, मागे जाण्याच्या वेगाला ती घालायची राहून गेली होती. जिन्याकडे पाठ करून लांब उडी पुन्हा पुन्हा मारली की वेग साचत जातो आणि मारिओ बंद दारांतूनही पलीकडे निघतो. 1997 च्या जपानी आवृत्तीत ही पळवाट बुजवली गेली, तरी कमीत कमी वेळात गेम संपवण्याच्या शर्यती आजही जुन्या आवृत्तीवर याच उडीने खेळल्या जातात.

उडी शिकवायची तर ती खेळणाऱ्याला थोडी सांभाळूनही घेणारी हवी. गेल्या दिवाळीत सिरोंच्याला माझी भाची लॅपटॉपवर 2018 चा 'सेलेस्ट' खेळत होती. कड्याच्या टोकाशी तिचं बोट क्षणभर उशिरा पडलं. गेमची नायिका मॅडेलिन, तिचा पाय कड्यावरून सुटला होता, खाली काटे होते, तरीही उडी लागली. भाची थबकून म्हणाली, "मामा, ही पडायला हवी होती ना?" हवी होती. पण 'सेलेस्ट'मध्ये कडा सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडीचं बटण मान्य होतं. पडद्यावरची चित्रं सेकंदाला साठ बदलतात, म्हणजे ही सवलत फक्त सहा चित्रांची. डोळ्याला ती दिसत नाही, बोटाला मात्र आपण वेळेवर होतो असंच वाटतं. आणि पडलंच तर मॅडेलिन लगेच त्याच टप्प्याच्या सुरुवातीला पुन्हा उभी. त्या संध्याकाळी पोरगी पडत राहिली, पण उठून गेली नाही.

महाराष्ट्रात या कलेचं बी रुजलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' 2020 साली आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकनापर्यंत पोहोचला. राजी सर्कशीत वाढलेली मुलगी. म्हणूनच ती भिंतीवर धावत जाऊन उलटी झेप घेते, खांबाला गिरकी घेऊन राक्षसांवर तुटून पडते. या चाली वरून चिकटवलेल्या वाटत नाहीत, त्या तिच्या अंगातूनच आल्यासारख्या वाटतात.

खांब म्हटलं की मराठी माणसाला मल्लखांब आठवणारच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी तो नावारूपाला आणला. विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून देशी व्यायामाची परंपरा जोपासली. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, फरारे... गेमसाठी चाली शोधणाऱ्याला याहून मोठा तयार खजिना कुठे मिळणार? प्रत्येक प्रकारात पकड कुठली, भार कुठे, सुटायचं केव्हा, हे पिढ्यांनी पक्कं करून ठेवलेलं आहे.

मराठी डिझायनरांनी यातली एक अढी घ्यावी. पहिल्याच टप्प्यात दोन खांब उभे करावेत. एकावर एखादी मुलगी चढताना दिसावी, दुसरा खेळणाऱ्यासाठी मोकळा असावा आणि पडद्यावर एकही अक्षर नसावं. त्याची पहिली चाचणी पुण्यात न घेता सिरोंच्यात घ्यावी. तेलुगू, मराठी आणि माडिया बोलणारी पोरं शेजारी बसवावीत, त्यांना काहीही सांगू नये आणि तिघांनाही अढी जमेपर्यंत तो टप्पा पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहावं.