दहाच्या दहा हरियाण्याच्या. आपल्या पोरी कुठं हायेत?

आधी आकडे सांगतो, मग बोलू.

लंडन २०१२ : एक. रिओ २०१६ : तीन. टोकियो : चार. पॅरिस २०२४ : पाच. ऑलिम्पिकच्या मॅटवर उतरलेल्या भारतीय महिला मल्लांची ही संख्या आहे. महिला कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली २००४ ला, अथेन्सला. तिथं आणि पुढं बीजिंगला आपली एकही पोरगी नव्हती. आणि पॅरिसला पुरुषांमधून किती गेले? एक. अमन सेहरावत. (पदक मात्र त्या एकट्यानंच आणलं, हेही सांगितलं पाहिजे.) म्हणजे ज्या खेळाला आपण पिढ्यान्‌पिढ्या गड्यांचा खेळ म्हणत आलो, त्यात आता देशाच्या वतीनं पोरी जास्त जातात.

आता या चार ऑलिम्पिकमधली नावं मोजा. गीता, बबिता, विनेश, साक्षी, सीमा बिस्ला, अंशू, सोनम, अंतिम, निशा, रितिका. दहा जणी. दहाच्या दहा हरियाण्याच्या. कोणी बलालीची, कोणी मोखऱ्याची, कोणी निडानीची, कोणी भगाण्याची. महाराष्ट्राची एकही नाही. खाशाबा जाधवांचं नाव आपण दरवर्षी घेतो, १९५२ चं हेलसिंकीचं पदक मिरवतो, आणि मिरवावंच. पण खाशाबांच्या राज्यातून एकही पोरगी आजवर ऑलिम्पिकच्या मॅटवर गेलेली नाही. वऱ्हाडाचं तर विचारूच नका.

मी काही कुस्तीतला जाणकार नाही. अकोल्यात नोकरी करतो, पेपर वाचतो, मोबाईलवर कुस्त्या पाहतो. पण माझी भाची कुस्ती खेळते. दर्यापूर तालुक्यातलं गाव, खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही असं. बाप कपाशी-तुरीचा शेतकरी. पोरगी दहावीत आहे, ४६ किलोत खेळते. तिचं नाव लिहीत नाही, तिनंच सांगितलं, "मामा, फेसबुकवर माह्यं नाव टाकजो नको." त्यामुळं या विषयात मी तटस्थ नाही, हे समजूनच पुढं वाचा.

आपल्याकडं काहीच नव्हतं असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी आखाडा म्हणून सुरू केलेली जागा, तिथले लोक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आपल्या हुतूतूची प्रात्यक्षिकं दाखवून आले. आज अर्ध्या महाराष्ट्रातले पीटीचे सर आणि मॅडम तिथून शिकून गेलेले सापडतील. ऑलिम्पिक तिरंदाज प्रवीण जाधव साताऱ्याचा, पण त्याच्या हाती धनुष्य टिकलं ते अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. अकोल्यात बॉक्सिंग आहे, पोरीही खेळतात. म्हणजे जिथं कोणीतरी चिकाटीनं बसून काम केलं तिथं वऱ्हाडातून खेळाडू निघतात. पाणी खारं असलं तरी.

मग हरियाणा पुढं का गेला? गावातलं ठरलेलं उत्तर : "तिकडं दूध-तूप हाये बाप्पा, आपल्याकडं पिठलं-भाकर." मलाही पुष्कळ दिवस हे पटत होतं. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे, पाचव्या फेरीचे आकडे पाहिले. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय महाराष्ट्रात ५४ टक्के, आणि हरियाण्यात ६० टक्के. त्यांच्याकडं जास्त! २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार पोरांमागं पोरी हरियाण्यात ८३४, आपल्याकडं ८९४. म्हणजे पोरी जन्मू देण्यात आणि त्यांच्या ताटात घालण्यात हरियाणा आपल्यापुढं नाही. दूध-तूप आहे, पण ते घरात कोणाच्या वाट्याला जातं हा वेगळा प्रश्न. खुराकाचं कारण सांगून आपण सुटू शकत नाही.

फरक दुसरीकडं आहे. मास्टर चंदगीराम यांनी स्वतःच्या पोरींना मातीत उतरवलं, तेव्हा लोक हसले. महावीर फोगाट यांनी बलालीत तेच केलं, लोक पुन्हा हसले. मग २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीताला सुवर्ण मिळालं आणि हसणं थांबलं. त्याच्या मागोमाग सरकारी नोकऱ्या आल्या, रोख बक्षिसं आली. हरियाण्यात ऑलिम्पिक सुवर्णाला ६ कोटी, रौप्याला ४, कांस्याला अडीच. पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य आणलं, त्याला राज्यानं दिले २ कोटी, आणि त्याच्या वडलांना ते जाहीरपणे बोलून दाखवावं लागलं. गरीब घरातला बाप हिशेब करतो हो. का करू नये? पोरीच्या दहा वर्षांच्या खुराकाचा, एसटीच्या भाड्याचा, गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. तिकडच्या बापाला शेवटी नोकरी दिसते, आपल्याकडच्या बापाला शेवटी काय दिसतं ते त्यालाच विचारा.

आणि तालीम. गावागावात मॅट, एका गावात पंधरा-वीस पोरी. पोरीला पोरगी लागते सरावाला. माझी भाची तीन वर्षं पोरांसोबत सराव करते, कारण तालुक्याच्या त्या आखाड्यात तिच्या वजनाची दुसरी पोरगीच नाही. पोरं एक तर जोर लावत नाहीत, नाही तर नको तेवढा लावतात.

माती आणि मॅट हा फरक तर पाहिल्याशिवाय कळत नाही. मागल्या वर्षी एका स्पर्धेला मी तिच्यासोबत गेलो. समोर पश्चिम महाराष्ट्रातली पोरगी. आपलीचा पट चांगला आहे, मातीत ती पोरांनाही खाली घेते. पण मातीत चितपट झाल्याशिवाय कुस्ती संपत नाही, दम धरता येतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, आणि प्रत्येक हालचालीला भाव. रिंगणाबाहेर पाय गेला, एक गुण. खाली घेतलं, दोन. पाठ गादीकडं वळली, दोन. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच बंद. आपली पोरगी दोनदा मागं सरकत सरकत बाहेर गेली, तिला कळलंच नाही की ती हरत आहे. मग समोरचीनं पायाला विळखा घालून अशी गरगर फिरवली की दोन, चार, सहा, आठ... मिनिटभरात खेळ खल्लास. बाहेर येऊन म्हणे, "मामा, मी तं आताच सुरू केली होती." चित झाली नव्हती ती. तिला नियमांनी हरवलं होतं, आणि ते नियम शिकवायला तिच्याकडं मॅटही नव्हती आणि मॅटवर खेळलेला माणूसही नव्हता.

त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट. पोरींची वजनं ज्या खोलीत घेतली तिच्या दाराला कडी नव्हती. बाहेर पुरुष पदाधिकारी उभे. एक मॅडम होत्या त्या जेवायला गेल्या होत्या. शेवटी दोन पोरींच्या आयांनी ओढणी धरून आडोसा केला. स्पर्धेचं नाव घेत नाही. घेतलं तर त्रास पोरीलाच होईल. पण वजन म्हणजे कुस्तीतली साधी गोष्ट नव्हे. पॅरिसला विनेशनं पहिल्याच फेरीत जपानच्या युई सुसाकीला हरवलं. परदेशी मल्लाकडून तोवर कधीही न हरलेली सुसाकी! त्याच दिवशी विनेश अंतिम फेरीत गेली, आणि दुसऱ्या सकाळी, ७ ऑगस्टला, १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून स्पर्धेतून बाद. एरवी ५३ किलोत खेळणारी बाई ५० वर उतरली होती. वजन दोन्ही दिवस करावं लागतं. त्या दिवशी माझ्या बायकोनं पहिला प्रश्न विचारला तो टीव्हीवरच्या एकाही तज्ज्ञानं विचारला नाही : "तिची पाळी तं नसन ना आली?" दहावीतल्या पोरी वजन पाडायला दोन दिवस पाणी तोडतात, त्यांना हे कोण समजावून सांगतं? वस्ताद पुरुष, पंच पुरुष, बाप संकोची.

आता जरा चांगलंही सांगतो. सगळंच रडगाणं नाही. २०२४ ला अम्मानला १७ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पोरींनी सांघिक विजेतेपद घेतलं, २०२५ ला अथेन्सला पुन्हा घेतलं. त्या दुसऱ्या खेपेला सुवर्ण आणणाऱ्यांत अश्विनी विश्नोई राजस्थानातल्या भीलवाड्याची होती. म्हणजे हरियाण्याबाहेरचं गाव चालतं! २० वर्षांखालच्या गटात अंतिम पंघाल लागोपाठ दोनदा जगज्जेती झाली. पण मोठ्यांच्या गटात गाडी अडते. २००६ ला अलका तोमरचं कांस्य आलं तेव्हापासून २०२५ पर्यंत सीनियर जागतिक स्पर्धेत आपल्या बायकांनी अकरा पदकं आणली, त्यात एक रौप्य, अंशू मलिकचं, २०२१ चं, बाकी कांस्य. सुवर्ण एकही नाही. लहानपणी जपानला गाठणारी पोरगी विशीनंतर मागं का पडते? दुखापती, लग्नाचा धोशा, नोकरीची ओढ. शिवाय वय चोरून खालच्या गटात खेळवलेल्या काही असतीलच. २०२५ मध्ये खोट्या जन्मदाखल्यांवरून महासंघालाच मल्ल निलंबित करावे लागले.

आणि २०२३ चं ते वर्ष. जानेवारीत जंतरमंतर, एप्रिलमध्ये पुन्हा जंतरमंतर, २८ मे ला रस्त्यावरून उचलून नेलेल्या पोरी. महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप; त्यांनी ते नाकारले, खटला न्यायालयात आहे, त्यावर मी निकाल देणारा कोण. पण डिसेंबरमध्ये साक्षी मलिकनं पत्रकारांसमोर टेबलावर बूट काढून ठेवले ते दृश्य आमच्या दर्यापूरकडच्या घरातही दिसलं. भाऊजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला : "त्या पोरी पदकं आणून रस्त्यावर बसल्या, तरी त्याइचं कोनी आयकलं नाही. माह्या पोरीचं कोन आयकन?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही.

पण एक माहिती तेव्हापासून मी भेटेल त्या बापाला सांगतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे ना, त्यात 'कामाचं ठिकाण' म्हणजे फक्त ऑफिस नाही. क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा, सगळं त्यात येतं, तिथं राहायची सोय असो वा नसो. दहा कामगार असले की अंतर्गत समिती पाहिजे, तिची अध्यक्ष बाई पाहिजे, बाहेरची एक सदस्य पाहिजे. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पोरीचं नाव घालताना फी विचारता, खुराक विचारता, तसं हेही विचारा : समितीत कोण कोण आहे, फोन नंबर भिंतीवर आहे का? मी एका ठिकाणी विचारलं तर समोरचा म्हणे, "साहेब, आपल्याकडं असं काही होत नाही." म्हणजे समिती नव्हती.

लोकांना वाटतं बायकांची कुस्ती हे टीव्हीवरून आलेलं खूळ. हमिदा बानू १९५४ ला बडोद्यात बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत लोळवत होती. तेव्हाच्या मुंबई राज्यात तिच्या कुस्त्या बंद पाडल्या गेल्या, तिनं थेट मोरारजी देसाईंकडं तक्रार नेली. (आपण वऱ्हाडवाले तेव्हा मध्य प्रदेशात होतो, त्यामुळं हे पाप आपल्या खात्यावर नाही.) पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून, महिलांची पहिली झाली २०२३ ला, सांगलीत, प्रतीक्षा बागडीनं जिंकली. तिनं अंतिम फेरीत हरवलेली कल्याणची वैष्णवी पाटील दोन वर्षांत झाग्रेबला जागतिक स्पर्धेत ६५ किलोत भारताकडून उतरली. पदकापर्यंत गेली नाही, पण मॅटवर होती. एक स्पर्धा सुरू झाली आणि दोन वर्षांत एक पोरगी तिथवर गेली, एवढं मला पुरतं. २०२५ च्या जानेवारीत तर महिला महाराष्ट्र केसरी देवळीला झाली, भाग्यश्री फंडनं जिंकली. देवळी म्हणजे आपलं धामणगाव सोडलं, वर्धा नदी ओलांडली, पुलगाव गेलं की आलीच. विदर्भात! अंतिम फेरीत मात्र दोघीही पश्चिमेकडच्या, एक नगरची, एक कोल्हापूरची.

मागणी मोठी नाही. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांत मिळून एका जागी पूर्ण मापाची मॅट, तिथं कायम नेमणुकीची महिला कोच, आणि तालुक्यांतून आणलेल्या वीस पोरींची राहायची सोय. तिरंदाजीला हे जमलं, बॉक्सिंगला जमलं. ज्या लोकप्रतिनिधींच्या नावानं यात्रेत दंगली भरतात, लाखालाखाची बक्षिसं लागतात, त्यांच्या एका दंगलीच्या पैशात हे सुरू होऊ शकतं. त्यांच्यापैकी कोणी ही पोस्ट वाचत असेल तर खाली लिहा, मी स्वतः भेटायला येतो, भाऊजींनाही आणतो.

भाचीला एका बाहेरच्या तालमीनं घ्यायची तयारी दाखवली आहे, दहावीची परीक्षा झाली की. गाव लांब आहे, भाषा तीच असली तरी बोली वेगळी. तिची आई तयार आहे, बाप तयार नाही. समिती आहे का, हे विचारायला मी आणि भाऊजी पुढच्या रविवारी तिकडं चाललो आहोत. पोरगी म्हणते, "मामा, समितीचं तुमी पाहा. मॅट केवढी हाये ते मले फोटो काढून पाठवजा."