दिल्लीचा तक्ता



भाऊजी गेल्यापासून अकोल्याच्या जाऊबाई कुठेच गेल्या नव्हत्या. डिसेंबरात आठवडाभर दिल्लीला चला म्हटलं, तर म्हणाल्या, "रात्रिभोजनाचा त्याग मोडणार नाही."

तिथे तेव्हा साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मग मी बी.कॉम.ची वही काढली आणि सातही दिवस सूर्यास्तावरून आखले. पाचला ताट, मग विश्रांती. लाल किल्ला सोमवारी बंद, म्हणून मंगळवारी. समोरच दिगंबर जैन लाल मंदिर आणि तिथलाच पक्ष्यांचा दवाखाना. बुधवारी कुतुबमिनार, जवळच अहिंसा स्थळावरचे महावीर. दोन-तीन ठिकाणं गळाली, गळू देत.

काल अमरावतीहून फोनवर तक्ता वाचून दाखवला. जाऊबाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "दशम्या किती करू?"