गावची विहीर

'धर्म' या शब्दाला दान असाही अर्थ आमच्या बोलण्यात आहे. शेजारच्या एका वृद्ध मजुरावर सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो हात जोडून मला म्हणाला, "मास्तर, सरकारान म्हजेर धर्म केलो." तो बरा झाला याचा मला आनंद झाला, पण तो शब्द मनाला टोचला.

काडेपेटी किंवा साबण घेताना हा मजूरही सरकारला कर देतोच. साऱ्यांनी मिळून खणलेल्या विहिरीचे पाणी भरणारा भिक्षेकरी कसा ठरेल? पैशाअभावी कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र गरीब कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. तो खर्च केंद्र व राज्ये वाटून घेतात.

तथापि या विहिरीचा दोर अजून तोकडा आहे. घरी राहून रोज घ्यावयाची रक्तदाबाची गोळी या योजनेत बसत नाही. आणि तीच चुकत राहिली, तर पक्षाघात होऊन रुग्णालय गाठण्याची पाळी येऊ शकते. म्हणून सरकारी दवाखान्यातील औषधांचे कपाटही भरलेले हवे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही कर द्याल, मतही द्याल. ही विहीर आटू न देणे तुमच्या हाती आहे; आणि तिच्या काठावर कोणाची मान खाली जाऊ नये, हे पाहणेही.