राहुटीची पारख

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे दरवर्षी सप्टेंबर महिन्यात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाउलीच्या यात्रेस जातात. टेंपोत पीठ, स्टोव्ह, घोंगड्या आणि लेकरे भरावयाची व दोन रात्री उघड्यावर काढावयाच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. गेल्या वर्षी आम्हांस वाटले, लोकांचे हे हाल आता थांबावेत. म्हणून आम्ही स्वतः पुढाकार घेऊन एक राहुटी विकत आणली. किंमत थोडी, रंग सुरेख आणि पिशवीवर ‘आठ माणसांसाठी’ असे ठळक छापलेले. आमच्या मते प्रश्न मिटला होता.

तो मिटला नव्हता, हे पहिल्याच रात्री कळून आले. आठ माणसे आत मावली खरी, पण एकाने कूस बदलावयाची तर सर्वांनी बदलावी लागे. मध्यरात्री पाऊस आला. छताचे कापड टिकले, परंतु शिवणींतून पाणी ठिबकू लागले आणि खालूनही ओल चढली. पहाटे आम्ही बॅटरी घेऊन पाहावयास गेलो, तो सत्तरी ओलांडलेली एक आजी टेंपोच्या हौद्यात पोत्यावर बसलेली दिसली. अंगावर ओली चादर, हातात जपमाळ. राहुटीचे दार इतके बुटके होते, की गुडघ्यांनी अधू झालेल्या त्या माउलीस रांगल्यावाचून आत जाता येईना. सुनांसमोर आणि नातवंडांसमोर रांगणे तिच्या जिवावर आले. “मला आत गुदमरतंय,” असे सांगून ती बाहेर राहिली होती.

“फादर, पोरं झोपली ना? मग झालं,” एवढेच ती आम्हांस म्हणाली.

पुढे तिला न्यूमोनिया झाला आणि बारा दिवस दवाखान्यात काढावे लागले. ती बरी झाली, ही परमेश्वराची कृपा. परंतु ती राहुटी निवडणारे आम्हीच होतो, ही गोष्ट मनातून जाईना.

यंदा उन्हाळ्यात आमच्या वडीलबंधूंना भेटण्यासाठी आम्ही हैदराबादला गेलो. ते जामबागेत राहतात. जामबाग मराठी माणसास परकी नाही. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शिक्षणसंस्था तेथेच आहे. १९३५ साली उभारलेले दगडी मोअज्जमजाही मार्केटही तेथून जवळच. आमची हकीगत ऐकून बंधूंनी आम्हांस ताडपत्री आणि दोरखंडाच्या एका लहानशा दुकानात नेले. दुकानदार वयोवृद्ध होते. कनाती शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आम्ही जाताच किंमत विचारली. त्यांनी आपल्या दखनी बोलीत उलट आम्हांसच विचारले, की आत झोपणाऱ्यांत सर्वांत म्हातारे कोण आणि सर्वांत लहान कोण?

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. आम्ही माणसे मोजली होती, पण माणसे पाहिली नव्हती.

त्या सद्गृहस्थांनी तासभर जे समजाविले, ते यात्रेस वा सहलीस निघणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे देतो. पिशवीवरील माणसांचा आकडा खांद्यास खांदा लावून निजणाऱ्यांचा असतो. दर माणशी जेमतेम दोन फूट रुंदी त्यात धरलेली असते. सामान आणि पाय पसरणारी लेकरे त्यात धरलेली नसतात. म्हणून सहा जणांच्या कुटुंबाने आठनऊ जणांची राहुटी घ्यावी. दार असे असावे, की म्हाताऱ्या माणसास वाकावे लागले तरी रांगावे लागू नये. आणि रात्री कोणास न तुडविता बाहेर पडता यावे.

मग कापडाचा विचार. पाठीवर घेऊन डोंगर चढावयाचा असेल, तर पॉलिएस्टर किंवा नायलॉनची हलकी राहुटी बरी. अशा कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवून त्याची परीक्षा करतात. पाणी झिरपू लागेपर्यंत स्तंभ जितके मिलिमीटर चढेल, तो त्या कापडाचा आकडा. छतास १५०० ते ३००० चा आकडा पुरतो. तळास त्याहून अधिक हवा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की पाणी दाबाने वर येते. शिवणींवर आतून पट्टी चिकटविलेली आहे की नाही, हे बोट फिरवून पाहावे. छत दुहेरी असावे आणि वारा खेळण्यास झरोके असावेत; नाहीतर झोपलेल्यांच्या श्वासाचीच वाफ थंड कापडावर जमते, अंगावर ठिबकते आणि आपण पावसास दोष देतो.

आमचे सामान टेंपोतून जाते. म्हणून आम्ही जाड सुती कॅनव्हासची उंच राहुटी घेतली. ती जड असते, पण फाटली तर गावातला शिंपीही शिवू शकतो. नवी राहुटी एकदा पाण्याने भिजवून उन्हात वाळवावी. भिजल्यावर धागे फुगतात व शिवणींची बारीक छिद्रे बुजतात. मात्र पावसात आतून छतास हात किंवा गाठोडे टेकू देऊ नये, नाहीतर तेथूनच पाणी पाझरते. घरी आल्यावर पूर्ण वाळविल्याखेरीज घडी घालू नये. ओल्या घडीस बुरशी लागते आणि एका पावसाळ्यात कापड कुजते.

मेखा लोखंडी आणि लांब घ्याव्यात, कारण काळी जमीन भिजली की आखूड मेख धरत नाही. मेख राहुटीपासून बाहेरच्या बाजूस कलती ठोकावी. तणावे सुती असतील तर पाऊस येताच थोडे सैल करावेत. सुती दोर भिजला की आखडतो आणि मेख उपटून काढतो.

शेवटी त्यांनी एक गोष्ट बजावली. राहुटीत स्टोव्ह, शेगडी किंवा मेणबत्ती कधीही पेटवू नये. कापड पेट घेतेच, शिवाय बंद जागेत जळण्याचा विषारी वायू झोपेतच माणसास नेतो. आमच्या आयाबहिणींनो, मतमाउलीपुढील मेणबत्ती वेदीपाशीच लावावी. राहुटीत बॅटरीचा उजेड पुरे.

संत पौल करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून राहुट्या करण्याचा धंदा करीत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. आजवर आम्ही त्या अध्यायात त्याच्या उपदेशाकडेच पाहिले. जामबागेतील त्या वृद्धाची सुई पाहिल्यावर मनात आले, की कोणा अनोळखी वाटसरूचे अंग कोरडे राहावे म्हणून घातलेला एक नेटका टाकाही परोपकारच आहे.

गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही चर्चच्या आवारात नवी राहुटी उभारून पाहिली. सराव घरीच करावा. यात्रेच्या ठिकाणी अंधारात आणि पावसात तो करू नये. मुलांनी विहिरीवरून बादल्या आणून छतावर ओतल्या. आत बसलेल्यांच्या अंगावर थेंब पडला नाही. तेवढ्यात काठी टेकीत आजी आली. दाराशी थांबली. पडदा बाजूला सारून किंचित वाकली आणि आत जाऊन मधल्या खांबास हात लावून सरळ उभी राहिली.

“फादर, यात मी उभी राहते की!” ती म्हणाली.

कुटुंबासाठी वस्तू घेताना ती घरातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या मापाने घ्यावी. मग ती सर्वांस पुरते. हा धडा आम्हांस बारा वर्षांच्या सेमिनरीत मिळाला असेलही. पण तो आमच्या पदरी पडला टेंपोच्या हौद्यात आणि जामबागेच्या दुकानात. यात्रेस अजून अवकाश आहे. दाराशेजारची जागा मात्र आजीने आतापासूनच आपल्यासाठी राखून ठेवली आहे.