केस काढायचं क्रीम, आमच्या घरातलं

इथे सगळे वाडे, आजोळ, शाळा, जत्रा यांच्या आठवणी लिहितात आणि मी त्या आवडीने वाचते. आज जरा अवघड विषय घेतला आहे, पण आहे घराघरातला. बायकांच्या चेहऱ्यावरचे केस. कुणाला नको असेल तर त्यांनी पुढे जावं. पण ज्यांच्या घरात वयात आलेल्या मुली आहेत त्यांनी थोडं थांबावं ही विनंती.

माझं माहेर उदगीर, सासर हुमनाबाद. निजामाच्या काळात दोन्ही गावं एकाच बिदर जिल्ह्यात होती. १९५६ ला राज्यं बदलली, उदगीर मुंबई राज्यात गेलं आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या, तशीच माझीही झाली. इथे आमचं मेडिकल आहे. लग्न झाल्यापासून मीही काउंटरवर बसते.

काउंटरवर बसलं की गाव कळतं. कन्नड, मराठी, दखनी, तिन्ही भाषांत बायका दोन गोष्टी हळू आवाजात मागायच्या. एक पॅड आणि दुसरं केस काढायचं क्रीम. दोन्ही आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो. कुणी नावसुद्धा घ्यायचं नाही, नुसती हनुवटीवरून बोटं फिरवायची. तेवढ्यावर मला कळायचं.

आमच्या घरातही तसंच होतं. माझ्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांच्या दोन मुली. थोरलीला सतराव्या-अठराव्या वर्षापासून हनुवटीवर आणि ओठावर राठ केस यायला लागले. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "लहानपणी कणकेचा गोळा नीट फिरवला नाही, म्हणून." आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल-हळद लावून कणकेचा गोळा फिरवतात, लव जावी म्हणून. ती लव काही आठवड्यांत आपोआपच गळते, गोळा फिरवा नाहीतर न फिरवा. पण दोष बसला अक्कांवर, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं मनात ठेवला.

थोरलीला बघायला भालकीकडचे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी ओळखीच्या एका बाईने बाजारातली सुटी पावडर आणून दिली. पाण्यात कालवायची, लावायची, पुसून टाकायची. सडक्या अंड्यासारखा वास. पोरीने केस पूर्ण जावेत म्हणून जास्त वेळ ठेवली. केस गेले, पण कातडीही गेली. सकाळी हनुवटी लालभडक, पाणी सुटलेलं. पाहुणे आले, चहा-पोहे झाले, ते गेले. होकारही नाही, नकारही नाही. त्यानंतर पोरगी वीरभद्रेश्वराच्या जत्रेलासुद्धा तोंडाला ओढणी बांधून जायला लागली.

अशा वासाच्या स्वस्त पावडरींत बहुतेक वेळा बेरियम सल्फाइड असतं. ते पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरतं, हातपाय लुळे पडतात, जीवही जातो. म्हणून असली पुडी घरात ठेवूच नये. दुकानात मी हे सांगत आले आहे, इथेही सांगते.

हे सगळं धाकटीने बघितलं होतं. ती बी.फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा प्रोजेक्टसाठी विषय निवडायचा होता. तिने निवडला, वनस्पतींपासून केस काढायचं क्रीम. घरी आली आणि म्हणाली, "काकू, अक्कासाठी करायलेय मी हे." ती थोरलीला अक्का म्हणते, आम्ही तिच्या आईला अक्का म्हणतो. घरात दोन अक्का. आणि दोघींनाही त्या क्रीमकडून फार आशा लागली.

तिने आधी जुनं वाचून काढलं. सुश्रुतसंहितेत जखमेवरच्या उपचारांत आजूबाजूचे केस काढणं हाही एक उपचार सांगितला आहे. त्यासाठी शंखाचं चूर्ण आणि हरताळ यांचा लेप आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचा गंधकाशी झालेला संयोग. जुन्या हमामांतही चुना आणि हरताळ मिळून केस काढायचे. काही ठिकाणी केळीच्या खुंटाची राख येते, ती वनस्पतीची खरी, पण तिचं पाणी खारट-तिखट, कातडी सोलवटणारं. धाकटी म्हणाली, "काकू, जुनं आहे म्हणजे सौम्य आहे असं काही नाही गं." मी म्हटलं, हे वाक्य प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिही.

जुन्या ग्रंथांत करडईच्या तेलाचाही उल्लेख सापडतो, उपटलेले केस पुन्हा येऊ नयेत म्हणून. करडई म्हणजे आमच्या भागाचं पीक. बिदर, कलबुर्गी, सोलापूर, मराठवाडा, सगळीकडे काळ्या रानात रब्बीला असते. कन्नडमध्ये कुसुबी म्हणतात. काढणीला हाताला फडकी बांधावी लागतात इतकी काटेरी, पण तेल एकदम हलकं. आमच्याकडे भाजीला तेच असायचं. तर तिने करडईचं घाण्याचं तेल घेतलं, हळद घेतली आणि पपईचा चीक घेतला.

चीक काढायला ती पहाटे उठायची. परसात पपईचं झाड आहे. कच्च्या फळावर ब्लेडने उभ्या बारीक रेघा मारायच्या, खाली बशी धरायची, दुधासारखे थेंब गोळा करायचे. पहिल्याच दिवशी तिच्या बोटांना आग झाली, तेव्हापासून हातमोजे. या चिकात पपेन नावाचं द्रव्य असतं. मटण शिजवताना कच्ची पपई घालतात ती त्याच्यासाठीच, ते प्रथिनं तोडतं. केसही प्रथिनाचाच, तर तोही तुटेल अशी तिची कल्पना.

आता केसाचं गणित सांगते, सोप्या भाषेत. केस केराटिनचा असतो. त्याच्या धाग्यांमध्ये गंधकाच्या गाठी मारलेल्या असतात, म्हणून तो इतका चिवट. बाजारातल्या क्रीममध्ये थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार आणि चुन्यासारखा अल्कली पदार्थ असतो. अल्कलीने केस फुगतो आणि तो क्षार गाठी सोडवतो. मग केस शेवाळासारखा मऊ होऊन पुसला जातो. आपली कातडीही केराटिनचीच, म्हणून ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं की तीही सुटते. कातडीचा पीएच पाचच्या आसपास, या क्रीमचा बाराच्या आसपास. एवढा फरक आहे.

पहिली चाचणी बशीतली. तिने न्हाव्याच्या दुकानातून कापलेले केस आणले, धुतले, सारखे तुकडे केले. एका बशीत बाजारातलं क्रीम, दुसऱ्यात तिचं. दहा मिनिटांत पहिल्या बशीतले केस लगदा झाले. दुसऱ्या बशीतले रात्रभर ठेवले, सकाळी धुतले तर जसेच्या तसे, उलट तेलाने चमकायला लागलेले. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर डोक्याला लावा."

कारण नंतर तिच्या मॅडमनी समजावलं. पपेन धागा तोडू शकतं, पण गंधकाच्या गाठींमुळे त्याला आत शिरायलाच जागा मिळत नाही. आधी गाठी सोडवणारं काहीतरी पाहिजे, आणि त्यासाठी पुन्हा रसायनाकडेच जावं लागतं.

तरी ती थांबली नाही. म्हणाली, बशीतला केस मेलेला, कातडीतल्या केसाचं मूळ जिवंत असतं, तिथे कदाचित वाढ कमी होईल. आपल्या देशात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद आहे. मग माणसांवर, पण रीतसर. कॉलेजच्या समितीची परवानगी, मराठी आणि कन्नड दोन्हींत संमतीपत्र, आधी हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत लावून दोन दिवस वाट बघायची. खाज किंवा लाली आली तर ती बाई बाद. घरच्या आणि शेजारच्या मिळून अकरा जणी तयार झाल्या. त्यातल्या दोघी पपईच्या चिकाने बाद झाल्या.

क्रीमचीही परीक्षा चालू होती. पीएच मोजायचा, काचेच्या दोन पट्ट्यांत किती पसरतं बघायचं, एक डबी फ्रिजमध्ये, एक खोलीत, एक ४० अंशांच्या यंत्रात. यांनी विचारलं, "यंत्र कशाला? हुमनाबादचा मे महिना आहे की." खरंच, माळवदावर ठेवलं असतं तरी चाललं असतं.

बाकीच्या नऊ जणींच्या दोन्ही हातांवर लावायचं. एका हातावर पपई-हळदीचं क्रीम, दुसऱ्यावर नुसतं तेलाचं पांढरं क्रीम. पण हळदीचा रंग दिसतो, म्हणून तिने पांढऱ्यात खायचा पिवळा रंग घातला. कोणतं कुठे आहे ते फक्त तिच्या मैत्रिणीला माहीत. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी पाडली, ती हातावर ठेवून केस मोजायचे, फोटो काढायचा.

याच दिवसांत थोरली अडून बसली. "मला हनुवटीला लावू दे. नऊ जणींच्या हाताला लावतीस, मला नाही?" धाकटी म्हणाली, "हातावर कळल्याशिवाय तोंडाला नाही." थोरली रडली. "घरात मेडिकल आहे, घरात फार्मसीवाली आहे, अन् माझ्यासाठी काहीच नाही तुमच्याजवळ." अक्काही धाकटीवर चिडल्या. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. धाकटीने डब्या कुलपात ठेवल्या आणि किल्ली माझ्याकडे दिली. अक्का माझ्याकडे किल्ली मागायला आल्या होत्या. मी दिली नाही. मोठ्या जावेला नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ.

आठ आठवड्यांनी मोजणी झाली. शेजारच्या मावशी आधीपासून सांगत होत्या की त्यांचे केस निम्मे झाले. मैत्रिणीने कागद उघडला तेव्हा कळलं की मावशींना ज्या हाताचा फरक वाटत होता तो पांढऱ्या क्रीमचा हात होता. दोन्ही हातांच्या केसांत फरक नव्हता. फक्त दोन्ही हात मऊ झाले होते, करडईच्या तेलाने.

तेवढ्यात दुकानात माल टाकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "वहिनी, कशाला एवढं मोजता? आत थोडी आपली नेहमीची पावडर टाका, वास मारायला गुलाब टाका, डबीवर पानं-फुलं छापू. हर्बल म्हटलं की बायका डोळे झाकून घेतात." पैशाचं गणितही मांडून दाखवलं. घरात तेव्हा पैशाची गरज होती, खोटं कशाला बोलू. विकायचं तर परवाना लागतो, आत काय आहे ते डबीवर लिहावं लागतं, हा कायदा आम्हाला माहीत होता. पण कायद्याच्या आधी थोरलीच बोलली. ती आतून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, तसलंच लावलं होतं मी." ओढणी नव्हती तिच्या तोंडावर. हनुवटीवरचा डाग त्याला दिसला. तो चहा न घेता गेला.

धाकटीने प्रोजेक्टमध्ये जसं होतं तसं लिहिलं. या क्रीमने केस जात नाहीत, वाढ कमी झालेली दिसली नाही. तिला भीती होती की मार्क जातील. मॅडम म्हणाल्या, नीट मोजून आलेलं "नाही" हेही उत्तरच असतं.

त्यानंतर मी थोरलीला आणि अक्कांना घेऊन कलबुर्गीला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाळी नियमित येते का? येत नव्हती. चार-चार महिने नाही, आणि हे कुणाला सांगितलंही नव्हतं. तपासण्या झाल्या, पीसीओएस निघालं. केस हे नुसतं लक्षण होतं. गोळ्या, वजन, चालणं, आणि धीर, कारण केसांवर फरक दिसायला सहा महिने तरी लागतात. अक्कांनी भीतभीत विचारलं, "लहानपणी कणकेचा गोळा..." डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, त्याचा काही संबंध नाही. परतीच्या गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्यामुळंच झालं."

आता थोरली थ्रेडिंग करून घेते, उघड. वस्तऱ्याने केस राठ होतात हाही समज तिने सोडला. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं एवढंच. आणि धाकटी म्हणते की खरंखुरं वनस्पतीचं केस काढायचं साधन आपल्याकडे आहेच, साखर आणि लिंबू शिजवून केलेला पाक. तो केस विरघळवत नाही, मुळासकट उपटतो, आणि दुखतो.

मुलीच्या तोंडावर दाट केस आले तर आधी पाळीचं विचारा, मग डॉक्टरकडे न्या. क्रीम लावायचं तर डबीवरची मिनिटं घड्याळ लावून पाळा, आधी हातावर थोडं लावून बघा. आणि हर्बल लिहिलेल्या डबीने जर पाच मिनिटांत केस गळत असतील, तर आत पानांशिवाय काय आहे ते मागच्या बाजूला वाचा.

उरलेलं पांढरं क्रीम आम्ही घरीच वापरलं, थंडीत टाचांना फार चांगलं. डबीवर धाकटीने चिठ्ठी चिकटवली होती: "केस जात नाहीत. कातडी मऊ होते."