ससा आणि घराच्या दोन वेळा

मराठीत ससा हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांना लागू होत असल्यामुळे, वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या दरम्यान जंगलालगत वसलेल्या गोंडपिपरी तालुक्यात ससा पाळण्याचा विचार पुष्कळदा गैरसमजातूनच सुरू होतो. तालुक्यातल्या धाबा गावाकडच्या जंगलात, धानाच्या बांधीच्या कडेला किंवा पडीक गवतात दिसतो तो रानससा. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा डाग असतो, आणि त्यावरूनच त्याला लेपस निग्रिकोलिस, म्हणजे काळ्या मानेचा ससा, हे शास्त्रीय नाव मिळाले आहे. बाजारात जाळीच्या पिंजऱ्यातून विकला जाणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मात्र स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळे करून राहणाऱ्या सशाचा माणसाळलेला वंशज असून या दोहोंचा संकरही होत नाही. रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्या गवतातच जन्मतात. आई दिवसभर त्यांच्यापासून दूर राहते आणि पाजण्यापुरती येऊन जाते, त्यामुळे धानकापणीत एकटे सापडलेले पिल्लू पोरके असतेच असे नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी आणून पाळणे हा गुन्हा आहे. पाळता येतो तो दुसरा ससा.

दिवसभर घराला कुलूप असते, मग ससा ठेवायचा कसा, ही शंका नोकरदार घरांत हमखास निघते. तालुक्याच्या गावी राहून खेड्यातल्या शाळेत जाणाऱ्यांची किंवा चंद्रपूरचे रोज अपडाऊन करणाऱ्यांची ही अडचण खरी आहे. शेतकरी घरात तर पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता असा कामाचा रेटा चालूच असतो. तथापि मोकळे तास मोजण्याच्या या हिशेबात एक गोष्ट निसटते. ससा हा संधिप्रकाशचर, म्हणजे पहाटे आणि दिवस मावळताना सर्वांत जास्त वावरणारा, प्राणी असून भर दुपारी तो बहुतेक वेळ पडून असतो. ज्या घराची पहाट आणि संध्याकाळ माणसांची आहे, तिथे मधले सात-आठ तास कोणी नसले तरी त्याचे फारसे अडत नाही. पण रोज पहाटेची एसटी आणि रात्री उशिरा परत येणे असा क्रम असेल, तर अख्खा मोकळा रविवारही त्याच्या कामाचा नसतो.

या दोन वेळांना एवढे महत्त्व येते ते त्याच्या पोटामुळे. सशाच्या आतड्याला अंधनाल नावाची, एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी असते; तीत चारा आंबतो, त्यातून मऊ, चिकट गोळ्यांचे झुबके तयार होतात, आणि ते बाहेर पडताक्षणी ससा मान वाकवून तोंडाने थेट उचलून खातो. पाहणाऱ्याला किळस वाटली तरी चाऱ्यातले सत्त्व त्याला या दुसऱ्या फेरीतच पुरते मिळते. मग तो कोथिंबिरीची काडी घेतो. कडबाकुट्टी यंत्रात वैरण सरकावी तशी ती एका टोकाकडून आत जाते, जबडा आडवा हलत राहतो, नाकपुड्या क्षणभरही थांबत नाहीत आणि शेवटचे पान ओठांत दिसेनासे होते. दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे त्याला सतत चावायला लागते. चारा नसेल तेव्हा कूलरची वायर आणि दाराची चौकट त्या कामी येतात. सशाला उलटी करता येत नाही, आणि अर्धा दिवस त्याने तोंडात काही घेतले नाही तर आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतू शकते. म्हणून संध्याकाळी आल्यावर हातपाय धुण्याआधी लेंड्यांकडे एक नजर टाकणे हे ससा पाळण्यातले सर्वांत मोठे काम होय. तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकाचा रोजचा संबंध गाय, बैल आणि शेळी यांच्याशी असतो, त्यामुळे दुखणे एक दिवस आधी ओळखणारी नजर घरातच असावी लागते.

चाऱ्याची तशी या भागात ददात नाही. हरळी, मुळ्याचा पाला, वाळवलेले गवत सहज मिळते. धानाचे तणस दातांच्या झिजेला उपयोगी असले तरी पोषणाला तोकडे पडते, आणि फवारणी झालेल्या शेताच्या धुऱ्यावरचे गवत तर वर्ज्यच.

खरी कसोटी उन्हाळ्याची. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांच्या रक्तवाहिन्यांतून बाहेर टाकतो आणि तिशीच्या पुढचे तापमानच त्याला त्रास देऊ लागते. हिमाचल प्रदेशातल्या गडसा येथे लोकरीसाठी अंगोरा ससे सांभाळले जातात ते तिथल्या थंडीच्या भरवशावर. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणजे इतर दिवशी बिनधास्त सोडता येणारी ती दुपारच या महिन्यात धोक्याची होते. आडवा ठेवलेला माठ, ओले गोणपाट, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली हे उपाय चांगले, पण बाटली वितळते, गोणपाट वाळते आणि वीज गेली की कूलरही बंद पडतो. दुपारी दोनला घरी डोकावणारे कोणी नसेल, तर वर्षाचे उरलेले महिने कितीही सोयीचे असोत, अशा घराने ससा आणू नये.

एकटेपणावर जोडी हा उतारा खरा, कारण ससा कळपात राहणारा आहे. मात्र नर-मादी आणली तर सुमारे एकतीस दिवसांत पिल्ले होतात आणि विल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे नसबंदीची सोय कुठे आहे हे आधी पाहिलेले बरे.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो, हे मात्र आणताना कोणी धरत नाही. पाचवीतल्या मुलाच्या हट्टाने खोक्यातून आलेले पिल्लू, मुलगा शिक्षणासाठी चंद्रपूर-नागपूरला गेला तरी घरातच असते. तोवर त्याची उडी आखूड झालेली असते, नखे लवकर वाढतात आणि पाला आईच टाकत असते. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा येऊन हाक मारतो, तेव्हा ससा एक कान त्याच्याकडे वळवतो आणि मोरीशी भाजी निवडत बसलेल्या आईच्या पायाशी जाऊन थांबतो.