तीन पाळ्यांची मुदत

पडलेला सैनिक लगेच मरत नाही. तो जमिनीवर आडवा होतो आणि उलटी मोजणी सुरू होते: तीन, दोन, एक. ही मोजणी त्याच्या स्वतःच्या पाळीने उतरते. म्हणजे जो चपळ, ज्याची पाळी इतरांआधी येते, त्याची मुदतही आधी संपते. ज्या वेगाचं इतका वेळ कौतुक केलं तोच आता त्याच्या मुळावर येतो. कुणी औषध घेऊन वेळेत पोहोचलं तर ठीक, नाहीतर त्या जागी एक स्फटिक उरतो किंवा एक पेटी. स्फटिक उचलणाऱ्याला मेलेल्याची विद्या घेता येते. हा हिशेब मला पहिल्यापासून जरा अघोरी वाटत आलाय, आणि बहुधा म्हणूनच 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' माझ्याच्याने सुटत नाही.

खेळ जुना, 1997चा. जपानच्या स्क्वेअर कंपनीने प्लेस्टेशनसाठी काढलेला. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. पुढे हा खेळ मोबाइलवर आला आणि माझ्यासारखीच्या पर्समध्ये शिरला. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून तो मजेत खेळता येतो, कारण तो थांबतो. बोट वेगाने चालवण्याची त्यात गरजच नाही. समोर पायऱ्यापायऱ्यांचा, चौकटी पाडलेला छोटासा मुलूख असतो, एखादी गढी, दलदल, गावातली उतरती छपरं. आपली पाचेक माणसं घेऊन तिथे उतरायचं आणि विचार करत बसायचं. बोरिवली येऊन गेलं तरी शत्रू तलवार उगारून आपला उभाच.

पण थांबतो म्हणजे सोपा नव्हे. बुद्धिबळात सोंगटी ठेवली की चाल पुरी झाली. इथे मंत्र म्हटला की तो फळायला वेळ लागतो, आणि मंत्र जितका मोठा तितका उशीर. त्या मधल्या वेळात इतरांच्या पाळ्या येऊन जातात. एकदा माझ्या जादूगाराने समोरच्या शिलेदारावर आग सोडली. मंत्र जागेवर टाकायचा की माणसावर, हे आधी ठरवावं लागतं. जागेवर टाकला तर माणूस निसटतो. म्हणून माणसावर टाकला. तो माणूस शांतपणे चार घरं चालत आला आणि माझ्याच तिरंदाज मुलीला खेटून उभा राहिला. आग त्याच्या मागोमाग आली. तिला आपलं-परकं कळत नाही.

पडद्यावर पाळ्यांची यादी दिसते. आग कितव्या क्रमांकावर पडणार ते त्यात लिहिलेलं असतं. सगळं दिसत असतं आणि तरी काही करता येत नाही, कारण शब्द तोंडातून गेलेला असतो. वेगवान खेळांत हरलं की बोटाला दोष देऊन मोकळं होता येतं. इथे बोटाचा संबंधच नाही.

प्रत्येकाला शौर्याचा एक आकडा असतो आणि एक श्रद्धेचा. हा दुसरा फार गमतीचा. ज्याची श्रद्धा दांडगी त्याचे मंत्र जबरदस्त लागतात, पण त्याच्यावर टाकलेलेही तितकेच लागतात. अश्रद्ध माणसाला शत्रूची वीज भाजत नाही. त्याच्या जखमेवर आपल्या वैद्याचा मंत्रही चालत नाही. श्रद्धा फारच वाढवली तर एक दिवस तो माणूस देवाच्या शोधात फौज सोडून जातो, कायमचा. हे सगळं अशा कथेत, जिथे धर्मपीठच कारस्थानाच्या मुळाशी आहे. आकडेमोडीतून इतकं बोलणारा दुसरा खेळ मला भेटलेला नाही.

कथा इव्हालिस नावाच्या राज्याची. इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धाची छाया तिच्यावर स्पष्ट आहे: गादीवर पोर, पालकत्वावरून दोन सरदार, दोघांच्या निशाणावर सिंह. रामझा हा मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा आणि डेलिटा त्याच घरात वाढलेला गरिबाचा. डेलिटाची बहीण एका किल्ल्याच्या दारात बाणाला बळी पडते. बाण शत्रूचा नसतो, तिच्या जिवाला किंमत न देणाऱ्या स्वपक्षाचाच असतो. तिथून दोघांच्या वाटा फुटतात. डेलिटा राजा होतो. रामझा पाखंडी ठरतो आणि इतिहासातून पुसला जातो. खरं लिहून ठेवणाऱ्याला धर्मपीठ जाळतं. हे सारं आपल्याला सांगतो तो त्याच लेखकाचा वंशज, काही शतकांनंतरचा अभ्यासक. बखरीवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही चौकट परकी वाटू नये. कोणाच्या पदरी राहून कोणी लिहिलं, हा प्रश्न आपण विचारतच आलोय.

मला मात्र रामझापेक्षा भाडोत्री लोकांचं जास्त वाटतं. गावात पैसे मोजून शिपाई भरती करता येतात. हे आपले बारगीर. हत्यार, चिलखत सगळं आपण पुरवायचं. खेळ त्यांना कुठलंसं नाव देतो, ते बदलता येतं. मी म्हादू, सखू, धोंडी अशी नावं देते. आगीत सापडली ती सखू. प्रत्येक लढाईत ही माणसं पुढे असतात, विद्या शिकतात, एकमेकांची औषधं वाहतात. आणि लढाई संपून कथेचा प्रसंग सुरू झाला की त्यांतलं कुणी दिसत नाही. रामझा बोलतो, सरदार बोलतात, बिशप बोलतात. पुसून टाकलेल्या नायकाला न्याय देणाऱ्या या कथेत म्हादूला एक वाक्य नाही. सखूचा स्फटिक झाला तरी पुढच्या प्रसंगात कुणी तिचं नाव काढत नाही.

मात्सुनोंच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. कारण या कथेतलं पहिलं बंड शिपायांचंच आहे. पन्नास वर्षांचं युद्ध हरून राज्य कंगाल झालेलं, लढलेल्या स्वयंसेवकांना ना पगार ना बक्षीस, म्हणून ते दरोडेखोर झालेले. रामझाची पहिली मोहीम त्यांना चिरडायची. त्यांना चिरडायला मी म्हादूला पाठवते. भरतीच्या वेळी एकदा पैसे मोजले की खेळ पुन्हा त्याच्यासाठी एक दमडी मागत नाही, आणि म्हादूही पगाराचं नाव काढत नाही.